पळतो छान, पण...

बालमित्रांनो, आज तुम्हांला एका चोराची गोष्ट सांगणार आहे. घाबरू नका! हा चोर भर मैदानात, हजारो लोकांच्या डोळ्यांदेखत चोरी करायचा आणि लोक टाळ्या वाजवायचे. २०१२ या एका वर्षात त्याने १५५ चोऱ्या केल्या. त्याचं नाव बिली हॅमिल्टन, देश अमेरिका आणि खेळ बेसबॉल.

बेसबॉल आपल्याकडे फारसा दिसत नाही. मलाही त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. पण आमची शाळा सातवीपर्यंतची, आणि शालेय क्रीडा स्पर्धांत बेसबॉलची बहीण शोभेल असा सॉफ्टबॉल असतो. एका वर्षी मुलींच्या संघाबरोबर मला पाठवलं, तेव्हा आदल्या रात्री बसून मी नियम पाठ केले. तेव्हापासून जी गोडी लागली ती लागलीच.

नियम थोडक्यात सांगते. मैदानात एक चौकोन असतो. त्याच्या चार कोपऱ्यांना बेस म्हणायचं. एका बेसपासून दुसऱ्यापर्यंत ९० फूट अंतर. फलंदाजाने चेंडू मारायचा, पहिल्या बेसवर पोचायचं, मग दुसऱ्या, तिसऱ्या, आणि जिथून निघालो तिथे परत आलं की एक रन. आता समजा, तुम्ही पहिल्या बेसवर उभे आहात. चेंडू टाकणारा पिचर पुढच्या फलंदाजाकडे वळला. त्या क्षणी तुम्ही धूम ठोकलीत आणि कुणी फटका न मारताच दुसरा बेस गाठलात, तर ती झाली ‘चोरी’!

वाटतं तेवढं हे सोपं नाही बरं का! पिचरने चेंडू टाकण्याची हालचाल सुरू केल्यापासून तो कॅचरपर्यंत पोचायला सगळा मिळून साधारण १.३ सेकंद लागतो. कॅचर तो झेलून दुसऱ्या बेसवर फेकतो, त्याला साधारण २ सेकंद. करा बेरीज. म्हणजे चोराच्या हातात जेमतेम ३.३ सेकंद! एवढ्यात चुटकीही नीट वाजत नाही माझी.

बिली मिसिसिपी राज्यातल्या टेलर्सव्हिल नावाच्या लहानशा गावातला. शाळेत असताना तो अमेरिकन फुटबॉलही झकास खेळायचा आणि मिसिसिपी स्टेट विद्यापीठ त्याला त्यासाठी बोलवत होतं. पण २००९ साली सिनसिनाटी रेड्स या बेसबॉल संघाने त्याला निवडलं आणि तो तिकडे गेला.

निवडलं म्हणजे लगेच मोठ्या मैदानावर उभं केलं, असं तिथे होत नाही. मोठ्या लीगच्या खाली छोट्या लीगांची एक शिडीच असते. मायनर लीग म्हणतात तिला. बहुतेक मुलं या शिडीवरच कुठेतरी थांबतात. आपल्या उत्तर प्रदेशातले रिंकू सिंग (क्रिकेटमधला रिंकू नव्हे!) आणि दिनेश पटेल २००९ मध्ये याच शिडीच्या अगदी खालच्या पायरीवर खेळले होते.

शिडीवरच्या मुलांवर डोळा ठेवून असतात ते स्काउट, म्हणजे खेळाडू हेरणारी माणसं. हातात स्टॉपवॉच, मांडीवर वही. ते पाच गोष्टी तपासतात. चेंडू बॅटला नीट लागतो का, फटका लांब जातो का, पळतो कसा, चेंडू अडवतो-झेलतो कसा आणि फेकतो कसा. प्रत्येकाला गुण २० ते ८०. मोठ्या लीगमधल्या सर्वसाधारण खेळाडूइतकं येत असेल तर ५०. शून्य नाही की शंभर नाही! आणि मला सगळ्यांत आवडली ती गोष्ट अशी की, प्रत्येक रकान्यात दोन आकडे लिहितात. एक आजचा आणि एक पुढे जाऊन होईल तो.

बिलीच्या पळण्यापुढे ८०. त्याबद्दल कुणाचं दुमत नव्हतं. २०११ मध्ये डेटनच्या संघात त्याने १०३ चोऱ्या केल्या. २०१२ मध्ये बेकर्सफील्ड आणि मग पेन्साकोला इथे मिळून १५५. आधीचा विक्रम व्हिन्स कोलमनचा होता, १९८३ सालचा, १४५ चा. त्याच २०१२ मध्ये बिलीने एक फटका मारून चारही बेस पळून काढले, चौदा सेकंदांच्या आत! ३६० फूट, म्हणजे जवळजवळ ११० मीटर, आणि तेही तीन वळणं घेत.

भांडण होतं ते दुसऱ्या रकान्यात. पळतो छान, पण मारतो कुठे? अंगाने सडपातळ. फटका लांब जात नाही. बेसबॉलमध्ये एक जुनं बोलणं आहे की पहिला बेस चोरता येत नाही. खरंच आहे ना! चोरी करायला आधी तिथे पोचायला तर हवं.

आता इथे एक मजेदार गणित आहे. पिचरने चार वाईट चेंडू टाकले तर फलंदाजाला पहिला बेस फुकट मिळतो. २०१२ मध्ये बिली शंभरातल्या ४१ वेळा बेसवर पोचत होता, त्यात असे फुकटचे बेस पुष्कळ होते. काही स्काउट म्हणत, बघा, मुलगा शिकतोय! दुसरे म्हणत, थांबा, वरच्या पायरीवरचे पिचर हुशार असतात. याचा फटका लांब जाणार नाही हे कळलं की ते घाबरणार नाहीत, सरळ चेंडू टाकतील, आणि मग फुकटचे बेस आटतील. पुढच्या वर्षी, २०१३ मध्ये, लुइव्हिलच्या संघात शंभरातल्या ४१ चे ३१ झाले.

पालकहो, इथे जरा तुमच्याशी बोलते. डी.एड.ला असताना मूल्यमापनावर आम्हांला भरपूर शिकवलं. पण दर वर्षी वर्णनात्मक नोंदी लिहायला बसले की पेन अडतं ते एकाच शब्दावर, ‘पण’वर. ‘चित्रं सुंदर काढते, पण पाढे कच्चे.’ हेच उलटं लिहून पाहा, ‘पाढे कच्चे, पण चित्रं सुंदर काढते.’ माहिती तीच, मूल मात्र वेगळं दिसायला लागतं. नोंदवहीत माझ्याकडे रकाना एकच आहे, आजचा. स्काउटांसारखा दुसरा रकाना असता तर त्यात काय लिहिलं असतं, हा विचार मी आता नोंद लिहिण्याआधी करते. तुम्हीही घरी करता का? की निकाल हातात घेतल्यावर बोट आधी ‘पण’च्या पुढच्या शब्दांवर जातं?

तर बिलीकडे वळू या. केवळ पळण्यावर कितपत भागतं, याचा प्रयोग ओकलंड संघाने पूर्वी एकदा करून पाहिला होता. १९७४ मध्ये त्यांनी हर्ब वॉशिंग्टन नावाचा धावपटू फक्त पळण्यासाठी घेतला. दोन हंगामांत तो १०५ सामन्यांत उतरला आणि एकदाही बॅट हातात घेतली नाही! ३१ चोऱ्या केल्या खऱ्या, पण १९७४ च्या अंतिम मालिकेत ऐन मोक्याला पिचरने त्याला पहिल्या बेसवरच गाफील पकडलं. पाय वेगवान असले तरी पिचरचे खांदे वाचता यायला हवेत, आणि ती विद्या वेगळी. खो-खोत खांब सोडायची वेळ साधणाऱ्या मुलांना मी काय म्हणते ते बरोब्बर कळेल.

बिलीचं तसं झालं नाही. मला वाटतं, त्याच्या बाबतीत सगळ्यांत शहाणपणाचा निर्णय बॅटचा नव्हताच. तो आधी शॉर्टस्टॉप, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधली जागा सांभाळायचा. २०१२ च्या अखेरीस त्याला तिथून उचलून मागच्या मोकळ्या मैदानात, आउटफिल्डच्या मधोमध उभं केलं. केवढं मोठं रान! तिथे पळणाऱ्याचंच राज्य. ज्या चेंडूंपर्यंत दुसरे पोचतसुद्धा नाहीत, ते हा सूर मारून झेलायला लागला. फटके मारून रन काढता येत नसतील तर समोरच्यांचे रन अडवायचे. पळण्याला दुसरं काम मिळालं.

३ सप्टेंबर २०१३ ला तो मोठ्या लीगमध्ये उतरला, तोही दुसऱ्याच्या जागी पळायला. समोर सेंट लुइसचा कॅचर यादियर मोलिना. चोरांचा काळ म्हणून त्याची ख्याती! बिलीने दुसरा बेस चोरला, पुढच्या फटक्यावर घरी आला, आणि संपूर्ण सामन्यातला तो एकच रन ठरला. रेड्स जिंकले १-०.

मग? मग शंकेखोरांचं गणितही खरं ठरलं. २०१४ मध्ये पूर्ण वर्ष खेळताना शंभरातल्या फक्त २९ वेळा तो बेसवर पोचला. चोऱ्या ५६ झाल्या, पण २३ वेळा पकडला गेला. चारातल्या तीन चोऱ्याही साधल्या नाहीत तर संघाचा तोटाच होतो, म्हणजे हे काठावरचंच काम. तरी पुढच्या तीन वर्षांत ५७, ५८, ५९ चोऱ्या, अगदी पाढा म्हटल्यासारख्या! उत्तम क्षेत्ररक्षणाच्या ‘गोल्ड ग्लोव्ह’ पुरस्काराच्या शेवटच्या तिघांतही तो आला, पुरस्कार मात्र हुकला. २०१८ नंतर रेड्सनी त्याला सोडलं. मग कुणी पळायला, कुणी झेलायला म्हणून एकामागून एक संघ त्याला बोलवत राहिले. मोठ्या लीगमध्ये तो २०२३ पर्यंत दिसला. एकूण चोऱ्या ३२६.

गंमत बघा, त्याच २०२३ मध्ये तिथले नियम बदलले. बेसची रुंदी १५ इंचांवरून १८ इंच झाली आणि चोराला पहिल्या बेसवर अडकवून ठेवण्यासाठी पिचरला हवं तितक्या वेळा चेंडू फेकता येईनासा झाला. म्हणजे चोरी सोपी झाली, आणि हा महाचोर तेव्हा तेहतिशीला आलेला!

आता एक काम करा. शाळेच्या मैदानावर २४ मीटर मोजून खुणा करा. चोर बेस सोडून दोन-चार पावलं पुढे येऊनच उभा असतो, म्हणून ९० फुटांतलं त्याला पळायला उरतं ते साधारण एवढंच. मित्राच्या हातात घड्याळ द्या आणि पळा. ३.३ सेकंदांच्या आत कुणी पोचलं, तर मला पत्राने जरूर कळवा. धाकटी भावंडं पळणार असतील तर त्यांना दोन सेकंद जास्त द्या.