'नोंद झाली' म्हणण्याआधी



चैत्रातल्या आयंबिल ओळीच्या 9 दिवसांसाठी नावनोंदणीचा ऑनलाइन फॉर्म मी लेकीकडून शिकून बनवला. आधी बटण दाबलं की पान नव्याने उघडायचं, लिहिलेलं पुसलं जायचं आणि बायका पुन्हा दाबायच्या. एकीची दोन-दोन ताटं! म्हणून 'प्रिव्हेंटडिफॉल्ट'ने पान थांबवलं, 'फॉर्मडेटा'ने सगळे रकाने गोळा केले आणि 'फेच'ने मागच्या मागे पाठवले. खाली लगेच 'नोंद झाली' दिसायचं. मी खूश!

तिसऱ्या दिवशी एक मावशी आल्या. यादीत त्यांचं नावच नव्हतं.

"अगं, 'नोंद झाली' असं आलं होतं की!"

स्वयंपाक मोजून केलेला. दिवसातून एकदाच बसायचं, आणि त्यांच्या ताटात एकच भाकरी पडली. माझ्या घशाखाली घास उतरेना.

घरी येऊन पाहिलं. सर्व्हरने 500 म्हणजे चूक झाल्याचं कळवलं, तरी फेच स्वतःहून अडत नाही. 'रिस्पॉन्स.ओके' आपणच तपासायचं असतं. मी उत्तर न बघताच 'झाली' म्हणत होते.

आता उत्तर येईपर्यंत बटण बंद राहतं. ओके आलं तरच 'नोंद झाली'. नाहीतर लिहिलेलं तसंच राहतं आणि 'पुन्हा पाठवा' दिसतं.

खात्री न करता 'झाली' म्हणणं हेही असत्यच ना? मावशींना हात जोडून 'मिच्छामि दुक्कडम्' म्हटलं. त्या हसल्या, "असू दे गं. पण उद्याचं नाव आधी कागदावर लिही!"