बालवीरांची नोंदवही

‘पुरस्कार’ हा शब्द आपण बक्षीस या अर्थानें वापरतों. त्याची व्युत्पत्ति मात्र निराळें सांगते. ‘पुरस्’ म्हणजे पुढें आणि ‘कृ’ म्हणजे करणें. पुरस्कार म्हणजे पुढें करणें. जो मुलगा आपण होऊन पुढें येतो, त्याला पुढें करण्यास श्रम पडत नाहींत. मागच्या रांगेंत मुकाट्यानें राबणारास पुढें आणणें हेंच कठीण. अध्यापनाबरोबर शाळेच्या बालवीर पथकाचें काम आम्ही पुष्कळ वर्षें पाहिलें, आणि हा अर्थ आम्हांस कोशापेक्षां पथकाच्या नोंदवहीनेंच अधिक शिकविला.

बेडन-पॉवेल यांनीं १९०७ च्या ऑगस्टमध्यें इंग्लंडांतील ब्राउनसी बेटावर वीसएक मुलांचें शिबिर भरविलें. त्यांत सुखवस्तु घरांतील मुलें होतीं, तशीं कामकऱ्यांचींहि होतीं. १९०९ मध्यें ही चळवळ आपल्या देशांत आली, ती प्रथम युरोपियन व अँग्लो-इंडियन मुलांपुरती. देशी मुलांसाठीं पंडित मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू व श्रीराम वाजपेयी यांनीं सेवा समितीच्या वतीनें पथकें उभारलीं. पुढें ७ नोव्हेंबर १९५० रोजीं ‘भारत स्काउट्स आणि गाइड्स’ ही संस्था अस्तित्वांत आली.

या संस्थेंत मुलाची प्रगति पायरीपायरीनें होते: प्रवेश, मग प्रथम, द्वितीय व तृतीय सोपान, त्यानंतर राज्य पुरस्कार आणि शेवटीं राष्ट्रपति पुरस्कार. शिवाय स्वयंपाक, प्रथमोपचार, सायकल अशा विषयांचीं प्रावीण्य पदकें असतात, तीं वेगळींच. एका सोपानानंतर दुसरा चढण्यास ठराविक महिने जावे लागतात, आणि वयाचीहि मर्यादा असते. म्हणून येथें तारखेला फार मोल आहे.

तें मोल किती, हें आम्ही एका शाळेंत पथकाचा भार घेतला तेव्हां कळलें. पूर्वीच्या नोंदी सुट्या कागदांवर होत्या, आणि ते कागद शिक्षकांच्या बदलीबरोबर कोठें गेले याचा पत्ता लागेना. पथकांत सोळा वर्षें उलटलेला एक मुलगा होता. बाहीवर पदकें शिवलेलीं, काम चोख; पण राज्य पुरस्काराच्या अर्जांत द्वितीय सोपानाची तारीख हवी, ती कोणालाच सांगतां येईना. पुन्हा सारें करण्यास वय उरलें नव्हतें. तो आम्हांस म्हणाला, “सर, गांठी तर मला अजून येतात, मग तारीख कशाला हवी?” याला उत्तर काय देणार? शाळा सोडीपर्यंत तो लहान मुलांना गांठी शिकवीत राहिला. पुरस्कार मात्र त्याच्या हातीं आला नाहीं.

त्यानंतर आम्ही पक्क्या बांधणीची वही केली. प्रत्येक मुलास एक पान आणि पानावर चार रकाने: काय केलें, केव्हां केलें, कोणीं परीक्षा घेतली, आणि कामाचा पुरावा काय. तीच नोंद मुलाच्या स्वतःच्या पुस्तिकेंतहि होई; एक हरवली तरी दुसरी राही.

दर महिन्यास संघनायकांना घेऊन आम्ही ही वही वाचीत असूं. ज्यांच्या पानावर नवी नोंद झाली त्यांचीं नांवें त्यांना ठाऊकच असत. आम्ही विचारीत असूं तें ज्यांचें पान तीन महिने कोरें आहे त्यांच्याविषयीं. एकदां अशाच एका मुलाचें नांव निघालें. त्याचा संघनायक म्हणाला, “सर, शिबिरांत चूल तोच पेटवतो, भांडींहि तोच घांसतो.” मग त्याची परीक्षा कां झाली नाहीं? तर त्यानें मागितली नाहीं, आणि कोणाच्या मनांतहि आलें नाहीं! पुढच्या शिबिरांत त्यानें आठ जणांचा वरणभात रांधला. परीक्षकांनीं तो चाखूनच स्वाक्षरी केली. पुढच्याच मेळाव्यांत सर्वांदेखत त्याला स्वयंपाकाचें पदक दिलें. पदक देण्यास विलंब लावूं नये. मुलाच्या मनांतील कामाची ऊब निवाली म्हणजे त्या कापडाच्या तुकड्याला अर्थ उरत नाहीं.

पदकांचा लोभ लागतो, अशी तक्रार पालक करीत, आणि ती अगदींच खोटी नव्हे. परंतु बेडन-पॉवेल यांचें मत असें होतें कीं, पदक देतांना मुलाचें ज्ञान किती यापेक्षां त्यानें कष्ट किती घेतले हें पाहावें. हें ध्यानीं ठेविलें तर एका मुलाची दुसऱ्याशीं तुलना करण्याचें कारणच उरत नाहीं. त्याच्या कालच्या पानाशीं आजचें पान ताडून पाहिलें कीं पुरे.

एकत्र कुटुंबांत चुलत-आते भावंडें एकाच पथकांत असलीं म्हणजे हें विशेष सांभाळावें लागतें. “दादाला पांच पदकें, तुला दोनच?” असें आजीनें वा काकांनीं सहज म्हटलें तरी तें त्या मुलाला बरेच दिवस बोंचतें. त्यापेक्षां “हें पदक मिळविण्यास काय काय केलेंस?” असें विचारावें आणि तें स्वस्थपणें ऐकून घ्यावें. शिबिरांतून परतलेल्या मुलाची पुस्तिका वडील मंडळींनीं हातीं घेऊन वाचावी, आणि एखादी तारीख राहिली असेल तर त्याच आठवड्यांत शिक्षकांकडून भरून घ्यावी.