ॲबिंग्डनचा उंबरा

थेम्स नदीच्या कांठीं, ऑक्सफर्डच्या दक्षिणेस सुमारें तीन कोसांवर ॲबिंग्डन नांवाचें एक टुमदार गांव आहे. गेल्या ज्येष्ठांत चिरंजीवांकडे राहावयास गेलों असतां तें पाहण्याचा योग आला. चौकांतील दगडी कौंटी हॉल १६७८ ते १६८२ या काळांत बांधलेला असून तेथें आतां संग्रहालय आहे. राजघराण्यांतील मंगल प्रसंगीं त्याच्या छतावरून जमलेल्या लोकांत गोड पाव फेकण्याची जुनी चाल ऐकून मला आपल्या जत्रेंतील रेवड्यांची उधळण आठवली.

परंतु आमचें प्रयोजन निराळें होतें. १९२९ पासून १९८० पर्यंत एम्. जी. मोटारींचा कारखाना याच गांवीं होता. १९६२ मध्यें येथून एम्. जी. बी. ही उघडी क्रीडामोटार निघाली, आणि १९८० पर्यंत या जातीच्या पांच लाखांहून अधिक गाड्या तयार झाल्या. त्यांतील एखादी जीर्ण गाडी घेऊन स्वहस्तें तिचा जीर्णोद्धार करावा, अशी चिरंजीवांची फार दिवसांची हौस. गांवाबाहेर एका गृहस्थांच्या पडवींत १९७२ सालची एक गाडी तीन हजार पौंडांस विकावयाची होती. नेमकें तेवढेंच द्रव्य त्यानें आमच्या वाईच्या वाड्याचीं कौलें परतण्यासाठीं बाजूस ठेविलें होतें. "अण्णा, तुम्ही पाहा आणि काय तें सांगा," असें म्हणून त्यानें निर्णयाचा भार मजवर टाकला.

गाडी लाल, तुकतुकीत होती. माझें मन तर तत्काळ मोहून गेलें. चिरंजीवांनी मात्र खिशांतून लोहचुंबक काढून दाराखालच्या भागास लाविला. या भागास ते लोक उंबराच म्हणतात. चुंबक चिकटेना! वर रंग, आंत नुसतें लुकण. लोखंड गंजून गेलेलें. आधींच्या एम्. जी. ए. गाडीस खालीं स्वतंत्र सांगाडा असे; हिला तो नाहीं, देहाचा पत्रा हाच सांगाडा. उघड्या गाडीस छताचाहि आधार नसल्यानें बहुतेक भार उंबऱ्यांवर येतो. मग जॅक लावून गाडी किंचित् उचलली, तों दार चौकटींत अडकलें. गाडी मध्यें वांकत होती.

इंजिन दुरुस्त होतें, आसनें नवीं शिवतां येतात. परंतु उंबरे गेले म्हणजे कापणें व सांधणें आलें. जुन्या साच्यांवर घडविलेला संपूर्ण नवा देह १९८८ पासून मिळूं लागला. पण त्याची किंमत या गाडीच्या कित्येक पट!

परततांना चिरंजीव गप्प होता. मीं म्हटलें, "बाळ, गाडी अवश्य घे; पण वर्षभर थांबून, रंग उडालेली कां असेना, उंबरे शाबूत असलेली घे. स्वस्त मिळाली तीच शेवटीं महाग पडते."

एवढें बोलतांना माझीच जीभ अडखळली. वाड्याच्या माजघरांतील तुळईस वाळवी लागली असतां गेल्या दिवाळींत मीं तीवर रंग देऊन घेतला होता, आणि मुलास केवळ कौलांचा खर्च कळविला होता. तें सर्व मीं त्यास तेथेंच सांगितलें.

वाईस परतल्यावर प्रथम सुतारास बोलाविलें. तुळई आंतून पोकळ निघाली. कौलें त्यानंतर परतलीं.