सहा, पाच, चार

कोथरूडमधल्या एका जुन्या चारमजली इमारतीच्या गच्चीवर हिवाळ्यात रात्री नऊच्या सुमाराला बादलीभर पाणी ओतल्याचा आवाज येतो. खालच्या मजल्यावरच्यांना आता त्याची सवय झाली आहे. दिवसभर तापलेला स्लॅब जानेवारीतही मध्यरात्रीपर्यंत ऊब सोडत राहतो आणि त्या उबेने दुर्बिणीतला गुरू वाहत्या पाण्याच्या तळाशी पडलेल्या नाण्यासारखा थरथरतो. पाण्याने थोडा फरक पडतो. मग आठ इंची डॉब, म्हणजे डॉब्सोनियन दुर्बीण, उघडून ठेवायचा, आरसा थंड होऊ द्यायचा, आणि शेजारच्या स्टुलावर स्टीलचा डबा ठेवायचा. डब्यात सिलिका जेलच्या पुड्या आणि मऊ कापडात गुंडाळलेले आयपीस, म्हणजे डोळ्याशी लावायची भिंगं, असतात. त्यातले बाकीचे या माणसाच्या लेखी नसल्यासारखेच आहेत. त्याचा जीव तिघांत अडकला आहे: सहा मिलिमीटर, पाच मिलिमीटर आणि चार.

या निरीक्षकाने बासष्टी ओलांडली आहे. भोसरीतल्या एका टूलरूममध्ये त्याने तीस वर्षं मायक्रोमीटर धरला, आणि नव्वदच्या दशकात याच डॉबचा आरसा स्वतःच्या हातांनी घासला. आरसा एफ-सहा, नाभीय अंतर बाराशे मिलिमीटर. म्हणजे सहाच्या आयपीसने दोनशे पट, पाचने दोनशे चाळीस, चारने तीनशे. कागदावर या तिघांत फारसं अंतर नाही. या दोन मिलिमीटरांत मात्र त्याची वीस-बावीस वर्षं गेली.

ग्रह बघणाऱ्याला ही अडचण वेगळी सांगावी लागत नाही. सहा लावला की चित्र कोरीव दिसतं, पण लहान वाटतं, मन म्हणतं अजून आहे. चार लावला की ग्रह मोठा होतो आणि मऊ पडतो, पट्ट्यांचे काठ विरघळतात. मग पाच. पाच लावल्यावर दोन मिनिटं समाधान वाटतं, आणि नंतर हात आपोआप डब्याकडे जातो. हवा एखाद्या क्षणी थांबते, चारमधून सगळं स्वच्छ दिसतं, आणि त्या एका क्षणाच्या आशेवर पुढचा तास निघून जातो.

पहिला आयपीस त्याने मंगळवार पेठेजवळच्या जुन्या बाजारातून आणला होता. एका फुटक्या द्विनेत्रीचं भिंग होतं ते, पीव्हीसी पाइपच्या तुकड्यात बसवलेलं. पुढे पैसे साठवून त्याने जपानी बनावटीचे ऑर्थोस्कोपिक मिळवले, वर निमुळते होत जाणारे, ज्वालामुखीच्या माथ्यासारखे. एर्न्स्ट आबेने 1880 मध्ये मांडलेली ही रचना अगदी साधी आहे: तीन भिंगांचा एक चिकटवलेला गट आणि डोळ्याकडे एक सपाट-फुगीर भिंग. हवेला भिडणारे पृष्ठभाग चारच. एक पाचचा ऑर्थो पावसाळ्यात बुरशीने खाल्ला. काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या फांद्या फुटल्या होत्या. त्या ऑक्टोबरात त्याने तो उजेडाकडे धरला तेव्हा घरात कुणी आजारी पडावं तसं त्याला झालं. सिलिका जेलचा डबा तेव्हापासूनचा.

‘काच जितकी कमी तितकं चित्र शुद्ध’ हे वाक्य त्याने नवशिक्यांना कितीदा ऐकवलं असेल! पलीकडच्या गोटात रुंद क्षेत्राचे आयपीस वापरणारी मंडळी होती. अल नॅगलरने 1980 च्या सुमाराला ब्याऐंशी अंशांचा आयपीस आणला. हा माणूस त्याआधी अपोलोच्या चांद्रयानाच्या सिम्युलेटरसाठी प्रकाशयंत्रणा बनवत होता. खिडकीबाहेरचं सगळं आकाश एकदम दिसावं ही भूक तिथूनच आलेली. गच्चीवरचा हा निरीक्षक अशा आयपीसना कित्येक वर्षं ‘काचेचा ढीग’ म्हणत होता.

आज तो वेगळं म्हणतो. डॉबला मोटर नाही, ग्रह हातानेच धरून ठेवावा लागतो. बेचाळीस अंशांच्या ऑर्थोतून तीनशे पटीला ग्रह जेमतेम पस्तीस सेकंदांत एका काठावरून दुसऱ्या काठावर जातो. ब्याऐंशी अंशांच्या आयपीसमधून त्याला मिनिटाहून थोडा अधिक वेळ लागतो. नळी ढकलल्यावर कंप शमायला तीन-चार सेकंद, नजर स्थिरावायला आणखी काही. ऑर्थोत उरलेल्या वेळात माणूस ग्रह बघत नाही, त्याच्यामागे धावतो. शिवाय चांगल्या आधुनिक लेपनाने एका पृष्ठभागावर जेमतेम अर्धा टक्का प्रकाश परततो, लेप नसलेल्या काचेवर चार टक्के परतायचा. ऑर्थोचा विजय ज्या हिशेबावर उभा होता तो हिशेबच बदलला आहे. उरतं ते काचेचं पॉलिश आणि नळीच्या आतला काळा रंग. हे त्याला पंधरा वर्षांपूर्वीच ठाऊक होतं, पण त्याने ते मान्य केलं नाही, कारण तोपर्यंत त्याची ओळखच ‘ऑर्थोवाले काका’ अशी झाली होती.

त्याची दुसरी कबुली याहून जड आहे. शाळांच्या आकाशदर्शनात तो मुद्दाम चारचा आयपीस लावायचा. चित्र सहामध्ये चांगलं दिसतं हे माहीत असूनही. ‘किती पट?’ असं कुणी विचारलं की ‘तीनशे’ म्हणण्यात जी मजा होती ती ‘दोनशे’मध्ये नव्हती. साठ मिलिमीटरच्या खेळण्यातल्या दुर्बिणीच्या खोक्यावर 525 पट छापणाऱ्यांवर तो जन्मभर चिडला. स्वतःही थोडं तेच करत होता, हे आता त्याला टोचतं.

विल्यम हर्शेलच्या नावाचं तर त्याने किती वेळा पांघरूण घेतलं. 13 मार्च 1781 च्या रात्री हर्शेलला युरेनस दिसला तो 227 पटीला. मग त्याने 460 आणि 932 लावून पाहिलं, कारण तारा असता तर त्याची चकती त्या प्रमाणात वाढली नसती, ही वाढली. हर्शेलने तर हजारोंच्या पटी लावल्याचीही नोंद केली आहे. ‘बघा, हर्शेल सहा इंचांवर 932 लावत होता!’ पण हर्शेलने त्या पटी प्रश्न विचारण्यासाठी लावल्या होत्या, आणि पहिली शंका आली ती 227 वरच. हे वाक्य व्याख्यानांतून नेहमी गळायचं.

डिसेंबर 2024 मध्ये गुरू वृषभेत होता, जवळजवळ डोक्यावर. चारच्या आयपीसमध्ये त्याला गुरूच्या विषुववृत्ती पट्ट्यावर एक राखाडी, गाठाळलेला धागा दिसला. पहिला विचार आला तो काचेवरच्या डागाचा. त्याने ब्लोअर मारला. धागा तिथेच. मग डोळा न हलवता आयपीस फोकसरमध्ये हळूच फिरवला. काचेवरचा डाग असता तर त्याच्याबरोबर फिरला असता. फिरला नाही. मग त्याने मान जराशी कलती केली, नजर वर नेऊन खाली आणली, आणि धागा मागून तरंगत आला.

डाग काचेत नव्हता, डोळ्यात होता. डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं की आतली पारदर्शक जेली वयाबरोबर आक्रसते, तिचे धागे सुटतात. घाबरायचं कारण नाही, मात्र अचानक विजेसारखे झोत दिसले तर त्याच दिवशी यायचं.

चारच्या आयपीसमधून बाहेर पडणारा प्रकाशाचा झोत दोन तृतीयांश मिलिमीटर जाडीचा असतो, सहामधून एक मिलिमीटरचा. झोत जितका बारीक, तितकी धाग्याची सावली डोळ्याच्या पडद्यावर टोकदार. दिवसाउजेडी हाच धागा जाणवतही नाही. म्हणजे तीनशे पटीला गुरूबरोबर स्वतःचं म्हातारपणही मोठं होऊन दिसतं. बारा इंची आरसा घेतला तर दोनशे चाळीस पटीलाही झोत सव्वा मिलिमीटरचा मिळेल, पण बारा इंची नळी चार जिने कोण चढवणार? दोन डोळ्यांनी बघायचं जोडयंत्र आहे, धाग्यांवर त्याचा उपयोग होतो. मात्र त्याच्या डॉबसारख्या न्यूटोनियनचा फोकसर त्याला पुरेसा आत जात नाही, पुढे बार्लो भिंग जोडावं लागतं. हे सगळं त्याने कागदावर तीनदा मांडलं आणि तीनदा कागद घडी घालून ठेवला.

खगोलप्रेमींच्या क्लबमधली तरुण पोरं म्हणतात, काका, कॅमेरा लावा. ते चिप बसवतात, काही मिनिटांत हजारो फ्रेम घेतात, संगणकाकडून चांगल्या तेवढ्या निवडून एकावर एक रचतात. त्यातून येणारं चित्र त्याच्या डोळ्याला कधीच दिसणार नाही इतकं बारीक असतं. गुरूवरचा एक पांढरा डाग 2006 मध्ये लालसर झाला हे फिलिपिन्समधल्या क्रिस्टोफर गोने पकडलं, आणि जुलै 2009 मध्ये गुरूवर आदळलेल्या कशाचा तरी काळा व्रण ऑस्ट्रेलियातल्या अँथनी वेस्लीने. दोघंही हौशी. त्यांच्याबद्दल त्याला मनापासून आदर आहे. त्याचं दुःख वेगळं आहे. आता गच्चीवर येणारा माणूस आधी फोटो बघून येतो, आयपीसला डोळा लावतो आणि दहा सेकंदांत म्हणतो, ‘एवढंच?’ आयपीसपाशी वीस मिनिटं बसायची सवयच निघून चालली आहे.

ती सवय त्याला एका मुलीत दिसली. दुसऱ्या मजल्यावरची, अकरावीतली. 2026 च्या सुरुवातीला गुरू मिथुनेत होता, 10 जानेवारीला तो सूर्याच्या बरोबर समोर आला. पुण्याहून तो इतका माथ्यावर यायचा की डॉब वळतच नसे, उभ्या नळीला बाजूला ढकलायला हात कुठे लावावा कळत नसे. म्हणून दहाच्या आसपास, तो पूर्वेला असतानाच बघून घ्यायचं. तिने तिन्ही आयपीस आळीपाळीने लावले आणि सहा परत मागितला.

‘काका, पाचमध्ये ती निळसर शेपटी आहे असं वाटतं. सहामध्ये आहेच.’

ती चाळीस मिनिटं बसली, पेन्सिलीने पट्ट्याखालून निघालेली ती एकच शेपटी काढली, आणि जिथे खात्री नव्हती तिथे कागद कोरा सोडला. मग तिला त्याची जुनी नोंदवही बघायची होती.

वही 2003 च्या डिसेंबरची उघडली. तेव्हा शनी मिथुनेतच होता, असाच माथ्यावर, कडी भरपूर उघडलेली. चारचा ऑर्थो, तीनशे पट, ‘हवा उत्तम’. आणि बाहेरच्या कड्यात केसासारखी काळी रेघ, शेजारी दोनदा अधोरेखित: ‘एन्के!’ शनीच्या कड्यातल्या बारीक फटीच्या त्या एका नावावर त्याने क्लबात कितीतरी वर्षं मान मिळवला होता.

तिने कंपासपेटीतली पट्टी रेघेवर ठेवली.

‘ही तर मधोमध आहे. एन्के बाहेरच्या काठाजवळ असते ना? शनीचा चंद्र पॅन फिरतो ती?’

‘हो, काठाजवळच.’

एन्केची फट सव्वातीनशे किलोमीटरची. त्या रात्रीच्या अंतरावरून ती कोनीय सेकंदाच्या विसाव्या हिश्शाइतकी दिसणार, आठ इंची आरशाच्या मर्यादेच्या दहाव्या भागाइतकी. 1888 मध्ये जेम्स कीलरने ती स्पष्ट पाहिली तेव्हा त्याच्या डोळ्यासमोर लिक वेधशाळेची छत्तीस इंची दुर्बीण होती. कड्याच्या मध्यावर असते ती एक रुंद, फिकी करडी छटा, आणि ती आठ इंचांत खरोखर दिसते. त्या रात्री त्याला तीच दिसली होती. खरी होती, सुंदर होती. तिला रेघ बनवलं ते त्याने, खाली वहीपाशी येऊन, पेन्सिल टोकदार करून. ही गोष्ट कुठेतरी त्याला वीस वर्षं माहीत होती.

त्याने ती रेघ खोडली नाही. खाली आजची तारीख टाकून लिहिलं: ‘मध्यावर. करडी छटा. एन्के नव्हे.’ मुलीने ते वाचलं, काही बोलली नाही, आणि पुन्हा स्टुलावर जाऊन बसली.

क्लबात अजून त्याने कुणाला सांगितलेलं नाही. सांगायचं आहे.

त्या रात्री साडेअकराला हवा अचानक थांबली. पाण्याच्या टाकीचा पाइपसुद्धा आवाज करेना. दुर्बीण मुलीच्या ताब्यात होती, सहा फोकसरमध्ये होता. त्याचा हात डब्यात गेला, चारचं कापड सोडवून झालं, आणि मग तो उघडा आयपीस मुठीत ऊब लागेपर्यंत धरून उभा राहिला. ती म्हणाली, ‘काका, लवकर या, दोन शेपट्या आहेत.’ तो वाकला, आणि ग्रहाच्या आधी त्याला तो ओळखीचा धागा दिसला, सहामध्ये जरा फिका. तो बाजूला तरंगून जाईपर्यंत त्याने वाट बघितली.