मनीऑर्डर कुणाच्या नावावर

पंधरा-सोळा तारखेला पोस्टमन वाडीत शिरला की आई मागीलदारी निघून जायची. मनीऑर्डर यायची आजोबांच्या नावावर. पोस्टमन ओटीवर नोटा मोजायचा, आजोबा अंगठा उठवायचे, पैसे त्यांच्या कनवटीला जायचे. मग रॉकेल असो, माझी वही असो, आईने उंबऱ्यात उभं राहून मागायचं.

आमचं गाव कणकवली तालुक्यातलं. बाबा लालबागला, एका गिरणीत साच्याखात्यात. गाववाल्यांच्या एका खोलीत वीस जण, पाळीपाळीने झोपणारे. खानावळीचं देऊन उरेल ते गावी. मनीऑर्डरीवर जगणारा जिल्हा, असं आमच्याबद्दल म्हणत. ते मला आजही खुपतं. चिखलात दिवसभर वाकून भात लावणारी बाई त्या शब्दांत कुठेच नाही. आमची मनीऑर्डर महिनाभर पुरायची, कारण तांदूळ आईच्या हातचा असायचा.

फॉर्मच्या खाली मजकुरासाठी छोटी पट्टी असे. पोस्टमन ती फाडून द्यायचा, मी वाचायची. 'मी खुशाल आहे. गणपतीला येतो.' आईचं नाव त्यात कधी नसे. एकदा मात्र जागा संपता संपता बारीक अक्षरांत एक ओळ होती : 'घरात ताप येतो असे समजले, डॉक्टरला दाखवावे.' 'घरात' म्हणजे आई, हे मला तेव्हा कळलं नव्हतं. तिला कळलं. तिने ती ओळ माझ्याकडून तीनदा वाचून घेतली आणि पट्टी कुंकवाच्या पेटीत ठेवली.

1980 च्या पावसात आजोबा गेले आणि मनीऑर्डर आईच्या नावावर येऊ लागली. माझ्या पाटीवर गिरवून गिरवून ती सही शिकली होती. पहिल्यांदा फॉर्मवर सही केली तेव्हा तिच्या कपाळावर घाम आला. "माझी सही चलात मा?" तिने विचारलं. "चलात वैनी," पोस्टमन म्हणाला. नोटा तिने दोनदा मोजल्या.

18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला. जवळजवळ अडीच लाख कामगार बाहेर पडले. थोड्याच दिवसांत पोस्टमन आमच्या बेड्यावरून मान खाली घालून पुढे जाऊ लागला. आईने दुकानात उधारी मांडली, काजूच्या बिया विकल्या, निभावलं.

मे महिन्यात बाबा ट्रंक घेऊन आले आणि परत गेले नाहीत. बाबा म्हणजे आम्हाला गणपतीतले दिवस, नवे कपडे, मुंबईचा खाऊ. आता ते रोजच घरात. कोयती कुठे असते, कुठली गाय मारकी, सगळं त्यांना विचारावं लागे. एका संध्याकाळी विडीसाठी पैसे मागायला ते स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात आले आणि न बोलताच मागे फिरले. आईने चुलीकडून पाहिलं.

दुसऱ्या दिवसापासून सकाळी त्यांच्या चहाच्या कपाशेजारी एक नाणं ठेवलेलं असे.