गाडी बदलायची की गाडीतलं बदलायचं

२२ सप्टेंबर २०२५, सोमवार, जळगाव

घटस्थापना. आजपासून ३५० सीसीपर्यंतच्या मोटारसायकलींवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आला. शोरूमच्या किमतीत पावणेआठ टक्क्यांचा फरक, म्हणजे सव्वा लाखाच्या गाडीमागे नऊ-दहा हजार. इकडे माझ्या पल्सर १५० चं आरसी नोव्हेंबरात संपतंय. २०१० ची नोंदणी, पंधरा वर्षं भरली. पुढच्या पाच वर्षांसाठी पुन्हा नोंदणी करायची तर आरटीओत गाडी दाखवा, फी भरा, पर्यावरण कर भरा, शिवाय ५३१ रुपयांची नवी नंबरप्लेट. एवढं करायचंच आहे तर थोडी भर घालून हीच गाडी जोरदार करून घ्यावी, की सरळ नवी स्पोर्टी घ्यावी? दिवाळीच्या आत ठरवायचं.

वेग मला मनापासून आवडतो. औषधांची बॅग पाठीला लावून एरंडोल, पारोळा, धुळे हा टापू मी याच गाडीवर पालथा घातला. पण महामार्ग चौपदरी झाल्यापासून ८० च्या पुढे ओव्हरटेक करताना गाडी दम खाते. हँडलला थरथर येते आणि समोरचा ट्रक काही केल्या मागे पडत नाही.

२५ सप्टेंबर, गुरुवार

धुळ्याहून निघायला रात्र झाली. पावसाची भुरभुर. मुकटीच्या पुढे मक्याची पोती भरलेला ट्रॅक्टर चालला होता, ट्रॉलीला ना दिवा ना रिफ्लेक्टर. दिसला तेव्हा हाकेच्या अंतरावर होता. दोन्ही ब्रेक आवळले. मागचं चाक जाम झालं आणि गाडी शेपूट हलवत डावीकडे सरकली. पायाचा ब्रेक क्षणभर सोडून परत दाबला, तेव्हा ती सावरली. ट्रॉलीच्या फळ्यांमधला भुसा दिसेल इतक्या जवळ थांबलो.

पारोळ्यात चहा घेतला. हात थरथरत होते. घरी काही बोललो नाही.

२८ सप्टेंबर, रविवार

भाच्यानं सांगितलेल्या मुलाच्या गॅरेजवर गेलो. पोरगा हुशार आहे, काम जाणतो. त्यानं यादी सांगितली : फ्री-फ्लो सायलेन्सर, उघडा एअर फिल्टर, कार्बोरेटरला मोठा मेन जेट, पुढच्या स्प्रॉकेटचा एक दात कमी, आणि पैसे असतील तर ब्लॉक-पिस्टन मोठा. एकेका गोष्टीनं काय होतं ते मी विचारत गेलो. एक दात कमी केला की पिकअप वाढतो, पण तेवढाच टॉप स्पीड जातो आणि महामार्गावर इंजिन सतत जास्त आरपीएमवर ओरडत राहतं. उघड्या फिल्टरनं हवा जास्त येते. तिच्या जोडीला पेट्रोल वाढवलं नाही तर मिश्रण पातळ होऊन इंजिन तापतं. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो आणि या इंजिनाला गार करायला वाऱ्याशिवाय दुसरं काही नाही. शिवाय उघड्या फिल्टरमधून काळ्या मातीची धूळ आत जाणार ती वेगळीच.

ब्लॉकला हात न लावता किती ताकद वाढेल, असं विचारलं. एखादा-दीड पीएस, तो म्हणाला. खोटं बोलला नाही, हे मला आवडलं. ब्रेकचं मात्र त्याच्या यादीत काहीच नव्हतं.

१ ऑक्टोबर, बुधवार, धुळे

देवपुरातल्या जुन्या मिस्तरीकडे गेलो. त्यांनी गाडी डबल स्टँडवर घेतली, इंजिनाखाली लाकडी ठोकळा सरकवून पुढचं चाक अधांतरी केलं आणि हँडल दोन बोटांनी हळूहळू फिरवलं. बरोबर मध्यावर ते किंचित अडकलं. ‘हात लाव,’ म्हणाले. मलाही ती खाच जाणवली. हँडलच्या बेअरिंगचा कोन सेट गेलेला. ८० नंतरची थरथर तिथून येत होती, इंजिनाचा तिच्याशी काही संबंध नव्हता. मग स्विंगआर्मचे बुश दाखवले, फोर्कचे तेल गळणारे सील दाखवले, मागच्या टायरचा मधोमध सपाट झालेला पट्टा दाखवला. ब्रेक शू तर जेमतेम नखाएवढे उरलेले.

इंजिन त्यांनी कान देऊन ऐकलं. ‘गाडी ठणठणीत शे, भाऊ. तिले कसाले छेडस?’

रबर, तेल, बेअरिंग, टायर, शू, चेन-स्प्रॉकेट सगळं नवीन टाकून साताठ हजारांत ही गाडी कारखान्यातून आली तशी चालेल, असं त्यांचं म्हणणं. माझ्या मते जुन्या गाडीवर करण्यासारखा एवढा एकच खर्च आहे, आणि तो सोडून आपण सगळे सायलेन्सरकडे धावतो. काम उरकून घेतलं. परत येताना ९० ला हँडल स्थिर!

२ ऑक्टोबर, गुरुवार

दसरा. अंगणात दोन गाड्यांना झेंडूचे हार : माझी पल्सर आणि भाच्याची आर१५. आपटा देऊन झाल्यावर तो म्हणाला, ‘मामा, घेऊन तर बघ.’ बांभोरीचा गिरणा पूल ओलांडून पाळधीपर्यंत नेली. इंजिन १५५ सीसीचंच, पण ७४०० आरपीएमला व्हॉल्व्हची दुसरी चाल लागते आणि गाडी उसळते. १८.४ पीएस आणि वजन १४२ किलो. फार सुंदर यंत्र आहे. पण हँडल खाली, पाय मागे, अंगाचा सगळा भार मनगटांवर. पाळधीपर्यंतच मनगटं बोलायला लागली. वर दिवसभर दवाखान्यांच्या पायऱ्या चढायच्या, आणि मागच्या उंच चिमुकल्या सीटवर बायको बसणार कशी?

७ ऑक्टोबर, मंगळवार

मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम वाचलं. कंपनीनं ठरवलेल्या आणि आरसीत नोंदलेल्या तपशिलापेक्षा गाडी वेगळी करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही हेच सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं मालकाला प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद ठेवली. ८० ते १७५ सीसीच्या दुचाकीला आवाजाची हद्द ७७ डेसिबल. अपघात झालाच तर विमा कंपनी आधी बदलांकडे बोट दाखवणार. म्हणजे ब्लॉक मोठा करून आरटीओपुढे पुनर्नोंदणीला उभं राहणं शक्यच नाही. आणि रात्री दवाखान्यांच्या गल्लीतून फटाके फोडत जाणारे सायलेन्सर मला पहिल्यापासून सहन होत नाहीत. आत माणसं झोपलेली असतात.

रात्री हिशेब मांडला. समोरचं दिसून हात ब्रेकवर जायला एक सेकंद धरला आणि कोरड्या रस्त्यावर चांगला ब्रेक लागला, तर ६० च्या वेगाला गाडी साधारण ४० मीटरांत थांबते. ९० ला ७७ मीटर. वेग दीडपट, अंतर जवळपास दुप्पट, कारण ब्रेकचं अंतर वेगाच्या वर्गानं वाढतं. जुन्या हेडलाइटच्या पिवळ्या उजेडात बिनदिव्याची ट्रॉली ७७ मीटरांवरून दिसते का? मुकटीला नाही दिसली. माझ्या गाडीला पुढे २४० मिलिमीटरची डिस्क, मागे ड्रम. एबीएस नाही. १२५ सीसीवरच्या सगळ्या गाड्यांना ते सक्तीचं झालं एप्रिल २०१९ मध्ये. आणि बाहेरून आणून ते या गाडीला बसवून मिळत नाही.

इतके दिवस मी ताकदीचा विचार करत होतो. मला हवं आहे ते जोरात जाणं आणि तितक्याच खात्रीनं थांबणं, दोन्ही एकाच गाडीत.

८ ऑक्टोबर

आप्पांना, म्हणजे वडिलांना, सगळं सांगितलं, ट्रॉलीचंही. त्यांनी फक्त विचारलं, ‘हप्ता किती बसंल?’

१२ ऑक्टोबर, रविवार, धुळे

मित्राची एनएस२०० घेऊन पहाटे आग्रा रोडनं लळिंगला गेलो. १९९.५ सीसी, २४.५ पीएस, पाण्यानं गार होणारं इंजिन. शंभर किलो वजनामागे माझ्या गाडीला साडेदहा पीएस पडतात, आर१५ ला तेरा, हिला साडेपंधरा. कागदावरचा हा फरक घाट चढताना पाठीला कळला. पाचव्या गिअरमध्ये ट्रकच्या बाजूला आलो, मूठ पिळली आणि ट्रक आरशात गेला! बसणं सरळ, हँडल हाताशी. मोठ्यानं ओरडावंसं वाटलं, आणि किल्ल्याखालच्या वळणावर मी खरंच ओरडलो.

मग मोकळा, सरळ रस्ता बघून, मागे कोणी नाही याची खात्री करून ८० वरून दोन्ही ब्रेक पूर्ण दाबले. पुढे ३०० मिलिमीटरची डिस्क, मागेही डिस्क, दोन्ही चाकांना एबीएस. लिव्हर बोटांखाली टकटकला, चाक जाम झालं नाही, गाडी रेषेत थांबली. वळून पुन्हा एकदा केलं. तिथेच रस्त्याच्या कडेला उभं राहून ठरलं.

एक वजाबाकी आहे : सरासरी. माझी जुनी लिटरला पन्नासच्या आसपास देते, मित्राची पस्तीस-सदतीस. किलोमीटरमागे मिळणाऱ्या भत्त्यावर चालणाऱ्या माणसाला हे जड जातं. म्हणून गावातल्या डॉक्टरांच्या भेटींना जुनी, महामार्गाला नवी.

१८ ऑक्टोबर, शनिवार

धनत्रयोदशी. एनएस२०० बुक केली, पाडव्याला मिळेल. शोरूमच्या मुलानं क्रॅश गार्डपासून सीट कव्हरपर्यंत लांबलचक यादी पुढे केली. सगळ्यावर काट मारली आणि त्या पैशांत चांगलं जॅकेट आणि हातमोजे घेतले.

जुनी विकायची नाही. आरटीओची वेळ नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यातली घेतली. पीयूसी, विमा, नंबरप्लेटची पावती फाइलला लावली. हॉर्न पूर्वी बदलून घेतला होता, तो काढून मिस्तरींनी मूळचा बसवला. आप्पा तिच्यावर बाजारात जाणार म्हणतात. त्यांना किक मारायला लागू नये म्हणून बॅटरी नवी टाकायची आहे. नवीचं रनिंग-इन संपेपर्यंत इंजिन ताणायचं नाही, म्हणजे भाऊबीजेनंतरचे धुळ्याचे पहिले दौरे साठाच्या आतच. अंधार पडायच्या आत पारोळा सोडायचं.