पावत्यांची मिळकत

आमच्या घराण्यात पैसा कधी फारसा टिकला नाही. पावत्या मात्र पिढ्यानुपिढ्या टिकल्या. सातारा जिल्ह्यातील ज्या गावचे कुलकर्णपण आजोबांकडे होते, त्या गावच्या रयतेने सरकारात भरलेल्या साऱ्याची पोच आपल्या बोरूने लिहून द्यावी आणि त्या लिहिण्याच्या मोबदल्यात वतनाचे उत्पन्न खावे, हा त्यांचा जीवनक्रम १९५० च्या वतननिर्मूलनाच्या कायद्याने संपुष्टात आणला. पण माडीवरच्या पेटीतील मोडी दप्तरे कोणत्याही कायद्याने सरकारजमा केली नाहीत, आणि माझ्या लहानपणी त्या पेटीचे झाकण उघडले की घरभर जो जुन्या कागदाचा उग्र वास पसरे, तोच मला पुढे कित्येक वर्षे संपत्तीचा वास वाटत असे.

वडील, ज्यांना आम्ही अण्णा म्हणत असू, ते वतनाच्या जागी नोकरी धरून साताऱ्याच्या कोषागारात कारकून झाले. पेन्शन न्यायला आलेल्या वृद्ध शिपायाने महसुली तिकिटावर सही करावी किंवा अंगठा उठवावा, आणि ती सही तिकिटाची कड ओलांडून खालच्या कागदावर उतरल्याखेरीज नोटांना हात लावू नये, याविषयी त्यांचा कटाक्ष इतका करडा होता की, सही तिकिटातच आटोपणाऱ्या माणसाच्या एकंदर चारित्र्याविषयीच त्यांना शंका येई. वीस रुपयांवरच्या पावतीस एक आण्याचे तिकीट हवे, असे १८९९ चा मुद्रांक कायदा सांगत होता. आज ती मर्यादा पाच हजारांवर गेली आहे आणि आण्याचा रुपया झाला आहे. अण्णांच्या दृष्टीने बदलला तो आकडा. पैसे घेणाऱ्याने आपले नाव लिहून दिले पाहिजे, हा धर्म सनातन होता. मी पुण्यात शिकत असताना दरमहा येणाऱ्या मनीऑर्डरीवर सही करून मी जी पोच परत पाठवी, ती त्यांनी एका तारेत ओवून ठेवलेली मला पुढे सापडली. पुत्राच्या हस्ताक्षरावरील प्रेमापोटी की हिशेब पुरा असावा म्हणून, हे मी त्यांना विचारले नाही, आणि विचारले असते तर त्यांना या दोहोंतील भेद कळला असता असेही मला वाटत नाही.

पुण्याच्या संगणक-कंपनीतील नोकरीविषयी लिहिण्यासारखे थोडे आहे. पगार बँकेत परस्पर जमा होई, त्याचे पत्रक ईमेलने येई, सही करण्याचा प्रसंगच येत नसे.

त्या नोकरीत असतानाच १० जुलै २००८ रोजी ॲपलचे ॲप स्टोअर पाचशे ॲप्सनिशी उघडले, आणि त्याच वर्षीच्या उत्तरार्धात गूगलचे अँड्रॉइड मार्केट सुरू झाले. या दोन पेढ्यांनी जगातील एकट्यादुकट्या कारागिरास जी सनद दिली तिच्यातील कलमे वाचायला सोपी होती: एकीकडे दरसाल ९९ डॉलर, दुसरीकडे आयुष्यात एकदाच २५ डॉलर दाखलफी भरावी, घरी बसून जे रचता येईल ते रचावे, आणि विक्रीच्या शंभरांतील सत्तर कर्त्याने घेऊन तीस दुकानदाराकडे सोडावे. साताऱ्यात वाढलेल्या मनुष्यास हे वाचून १७१९ च्या सनदा आठवल्यावाचून कशा राहतील? चौथाईचे पंचवीस आणि सरदेशमुखीचे दहा मिळून शेकडा पस्तीस होतात. त्यापुढे शेकडा तीस म्हणजे सवलतच म्हटली पाहिजे. शिवाय बाळाजी विश्वनाथाने बसवलेल्या घडीत त्या चौथाईचेही बाबती, मोकासा, साहोत्रा आणि नाडगौडा असे तुकडे होऊन ते निरनिराळ्या हातांत पडत, तर इथे सारा वसूल एकाच खजिन्यात जातो. या तीस टक्क्यांवरून जगभर पुष्कळ वाद झाले, न्यायालये झाली, आणि २०२१ पासून वर्षाला दहा लाख डॉलरच्या आत कमावणाऱ्यांसाठी दोन्ही पेढ्यांनी तो हिस्सा पंधरावर आणला. माझे उत्पन्न त्या मर्यादेच्या इतके खाली आहे की, तिथून ती मर्यादा दिसतही नाही. आणि खरे सांगायचे तर हिश्शाविषयी माझी तक्रार कधीच नव्हती. ज्या बाजारपेठेत दूरदेशीच्या गिऱ्हाइकाला माझा माल दिसावा तिथल्या गाळ्याचे भाडे द्यावेच लागते.

त्या आरंभीच्या दिवसांतील एका ॲपची कथा मला अजून मोहवते. २००८ च्या ऑगस्टमध्ये एका जर्मन गृहस्थाने ‘आय ॲम रिच’ नावाचे ॲप ९९९.९९ डॉलर किमतीस ठेवले. ते उघडले की पडद्यावर एक लाल रत्न झळके, आणि याखेरीज ते काहीही करीत नसे. आठ जणांनी ते घेतले आणि लगोलग ॲपलने ते दुकानातून काढून टाकले. लोक त्या गृहस्थाला हसले. मला मात्र वाटते की, त्याने या धंद्यातील सर्वात निर्भेळ वस्तू विकली होती. कारण ते रत्न म्हणजे पैसे भरल्याची निव्वळ पावती होती, मालावाचूनची पावती. मालाचा व्याप ज्याने मागे ठेवला नाही, तो व्यापारी माझ्याहून शहाणाच म्हटला पाहिजे.

माझा माल म्हणजेही पावतीच. नोकरी सोडून साताऱ्यास परतल्यावर मी जे ॲप रचले ते गणेशोत्सव मंडळांच्या वर्गणीच्या पावत्या फोनवर करून देई: देणाऱ्याचे नाव घालावे, रक्कम घालावी, वर मंडळाच्या गणपतीचे चित्र, खाली धर्मादाय कार्यालयाच्या परवानगीचा क्रमांक, आणि देणगीदार घराचे दार लावतो न लावतो तोच पावती त्याच्या फोनवर दाखल. ऐकायला हे जितके क्षुल्लक वाटते तितकेच करायला ते चिवट निघाले. त्या काळच्या पुष्कळ अँड्रॉइड फोनांना देवनागरी जोडाक्षरे जुळवता येत नसत; आणि आपल्याकडची कुठलीही पावती ज्या एका अक्षराने सुरू होते त्या ‘श्री’चेच नेमके तुकडे होऊन ते पडद्यावर विखरून पडत, तेव्हा अक्षरे अक्षरे म्हणून न पाठवता चित्र म्हणून रेखाटून पाठवण्याचा उपाय करावा लागला. मग आली अक्षरी रक्कम. इंग्रजीत विसांपासून नव्व्याण्णवांपर्यंतचे अंक दशकाला एकक चिकटवून यंत्राकडून बोलवून घेता येतात. मराठीतला तिनाचा आकडा मात्र त्रेपन्नात एक रूप घेतो, त्र्याहत्तरात दुसरे, त्यामुळे शंभरापर्यंतचा प्रत्येक शब्द हाताने लिहून यंत्राला पाठ करून द्यावा लागतो. ते कोष्टक अण्णांनी तपासले. निवृत्तीनंतर प्रथमच त्यांच्यापुढे असा कागद आला होता की, ज्याच्यावर लाल शाईने खूण करण्याचा अधिकार त्यांचा होता, आणि तो त्यांनी पुरेपूर बजावला.

ॲप फुकट होते. मिळकत व्हायची ती पावतीच्या पडद्याखाली दिसणाऱ्या जाहिरातींच्या पट्टीतून. या मिळकतीचे गणित सामान्य माणसास समजावणे कठीण आहे. जाहिरात हजार वेळा दिसली की डॉलरचा काही अंश जमा होतो, तो अंश पाहणाऱ्याच्या देशावर अवलंबून असतो, आणि कोरेगावच्या मंडळाने काढलेल्या पावत्यांच्या ढिगापेक्षा न्यू जर्सीत वर्गणी गोळा करणाऱ्या एखाद्या मराठी कुटुंबाने काढलेल्या मोजक्या पावत्या कधीकधी अधिक देऊन जातात. शिवाय पीक एकच, श्रावण-भाद्रपदाचे. पितृपक्ष लागला की आलेख असा कोसळतो की, नवख्या माणसाने यंत्र बिघडले म्हणून धावाधाव करावी. २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आले आणि खेड्यापाड्यांतले फोन इंटरनेटच्या कक्षेत आले, तेव्हा पावत्या कितीतरी पटींनी वाढल्या. परंतु मिळकत त्या मानाने वाढली नाही, कारण नव्याने आलेल्या पाहणाऱ्याचे मोल जाहिरातदाराच्या तराजूत आणखी हलके होते. माणसांची अशी प्रतवारी इतक्या शांतपणे, रोजच्या रोज, डॉलरच्या दशांशांत लिहून ठेवणारी वही मी दुसरी पाहिली नाही.

पहिली थोडी रक्कम साठल्यावर जाहिरात पुरवणाऱ्या कंपनीकडून टपालाने एक जाड कागदाचे पाकीट आले. आत सहा आकडी क्रमांक होता. तो त्यांच्या स्थळावर भरला म्हणजे मी सांगितलेल्या पत्त्यावर खरोखरच कोणी राहतो हे सिद्ध व्हावे. अण्णांनी ते पाकीट उलटसुलट करून पाहिले.

“पैसे कुठे आहेत?” त्यांनी विचारले.

“शंभर डॉलर साठले की बँकेत येतील, अण्णा.”

“आणि मिळाल्याची सही तू कुठे करायचीस?”

“सही नसते त्यात.”

“मग तू ते घेतलेस हे त्यांना कळणार कसे? आणि त्यांनी दिले हे तुला?”

बँकेतून ते कळते, हे माझे उत्तर त्यांनी ऐकून घेतले, पण मानले नाही. त्यांना वाटले ते मला पुष्कळ पुढे उमगले. बँकेचा कारकून परदेशातून आलेल्या रकमेचे प्रयोजन विचारतो आणि ठरलेल्या यादीतील एक सांकेतिक क्रमांक लिहून घेतो. दुकानाचा मासिक तक्ता येतो, त्यात देशांची नावे असतात, नाण्यांची नावे असतात. परंतु ज्याने दिले त्याचे नाव त्यात कुठेच नसते. खळ्यावर बलुते मोजून घेणाऱ्या सुताराला देणाऱ्याची नियत त्याच्या मापावरून कळत असे. मला मात्र कोणी काही दिले आहे असे वाटण्याऐवजी नुसते काहीतरी साचले आहे असेच वाटत राही.

देणारे मात्र होते, आणि त्यांतील काहींनी माझ्यावर उपकार करण्याचा उद्योगही केला. एका मंडळातील पोरांना कोठूनसे कळले की, जाहिरातीवर टिचकी मारली म्हणजे ॲप करणाऱ्याला पैसे मिळतात. त्यांनी आरतीनंतर मांडवात ओळीने बसून, निव्वळ कृतज्ञताबुद्धीने, टिचक्यांचा पाऊस पाडला. परिणाम असा झाला की, कंपनीच्या यंत्राला लबाडीचा संशय येऊन ऐन अनंत चतुर्दशीच्या सुमारास माझे खाते गोठले, आणि मी केलेल्या अर्जावर जे उत्तर आले तेही यंत्रानेच लिहिले असावे, इतके ते सौजन्यपूर्ण होते.

तेव्हापासून जाहिराती मी दुय्यम केल्या आणि पावतीच्या तळाशी ॲपचे नाव सांगणारी जी बारीक ओळ छापली जाई, ती काढून टाकण्याचे वार्षिक शुल्क ठेवले. भारतात गूगलच्या दुकानातील किमान किंमत २०१५ मध्ये पन्नास रुपयांवरून दहा रुपयांवर आली, तेव्हा स्वस्तात पुष्कळ खपेल अशी हवा होती. माझा अनुभव असा की, दहा रुपये द्यायला जो तयार नसतो तो एक रुपयाही देत नाही, आणि जो देतो तो शंभरही देतो. कारण आपल्या मंडळाच्या पावतीवर दुसऱ्या कुणाचे नाव नको, ही अस्मिता किमतीवर ठरत नाही. आज माझा प्रपंच ज्यावर चालतो तो हा अभिमान आहे, त्याला मी ‘पूर्ण आवृत्ती’ असे निरुपद्रवी नाव दिले आहे एवढेच. नात्यातील तरुण मुले येऊन हानोईच्या त्या मुलाची गोष्ट सांगतात, ज्याच्या उडत्या पाखराच्या खेळाने दिवसाला पन्नास हजार डॉलर मिळवल्याचे छापून आले आणि ज्याने २०१४ च्या फेब्रुवारीत तो खेळ आपल्या हाताने काढून घेतला. त्यांचा रोख पहिल्या अर्ध्यावर असतो. मी त्यांना पितृपक्षातला आलेख दाखवतो.

गेल्या आर्थिक वर्षअखेरीच्या सुमारास एका मंडळाच्या खजिनदारांचा फोन आला. स्वर अदबीचा, पण वसुलीचा होता. “साहेब, तुमच्या ॲपचं शुल्क भरलं, पण आमचे हिशेब तपासनीस त्याची पावती मागतायत.” दुकानाने ईमेलने पाठवलेली इंग्रजी पोच असेल, असे मी म्हणालो. ती त्यांनी दाखवली होती. तपासनिसांनी तिच्याकडे पाहून, मंडळाने पैसे दिले कोणाला, तुम्हाला की त्या दुकानाला, असा प्रश्न केला होता. प्रश्न बिनतोड होता. मी माझेच ॲप उघडले, देणाऱ्याच्या जागी मंडळाचे नाव घातले, घेणाऱ्याच्या जागी माझे, अक्षरी रक्कम आपोआप उमटली, आणि छापलेल्या प्रतीवर, रक्कम पाच हजारांच्या कितीतरी आत असतानाही, अण्णांच्या खणातले एक जुने महसुली तिकीट लावून त्याची कड ओलांडणारी सही केली. ती टपालाने गेली. आठवड्याने पुन्हा फोन: सही झकास आहे, तपासनीस खूश आहेत, फक्त तारीख एप्रिलची पडली आहे, ती ३१ मार्चच्या आतली घालून दुसरी प्रत द्याल का? कारकुनाच्या पोटी जन्मल्यामुळे ते काही मला जमण्यासारखे नव्हते. पैसे मार्चात पोचले, पावती एप्रिलात दिली, असा शेरा मी खाली हाताने लिहून दिला, आणि तो चालला की नाही हे कळवण्यासाठी खजिनदारांचा तिसरा फोन अजून यायचा आहे.